मदत हवी आहे: मंडळासाठी कॅरम ऑनलाइन मागवावा की कुडाळच्या दुकानातून आणावा?

वेंगुर्ल्यात वाडीच्या मंडळासाठी कॅरम घ्यायचा आहे. गणपतीत स्पर्धा असते, त्यामुळे फुल साइजच हवा. ऑनलाइन '३२ इंच, ८ मिमी प्लाय' स्वस्तात दिसतोय, कुडाळच्या दुकानातला १२ मिमीचा बराच महाग आहे. जुना बोर्ड दोन पावसाळ्यांत मधोमध खोल गेला. हळू सोडलेला स्ट्रायकर मध्याकडे वळतो. हे टाळायचं कसं?

प्रतिसाद १
३२ इंच हे माप बहुतेक वेळा फ्रेमसकट दिलेलं असतं, फसगत तिथेच होते. स्पर्धेच्या बोर्डाचा खेळायचा भाग ७४ सेंमी, म्हणजे २९ इंचांहून जरासा जास्त. फ्रेमची रुंदी अडीच ते तीन इंच. दोन्ही बाजू धरल्या की बाहेरून ३४-३५ इंच भरायला हवं. ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याला आतलं माप विचारा, आणि एवढं मोठं पार्सल परत न्यायची सोय तुमच्या पिनकोडला आहे का तेही.

माझं मत स्पष्ट आहे: बोर्ड हात लावूनच घ्यावा. मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी न्या, धारेवर उभी करून कर्णावर ठेवा. दोन्ही कर्णांवर बघा. पट्टीखालून पोस्टकार्ड सरकलं तर तो बोर्ड सोडा. मग पावडर टाकून १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोरात मारा. समोरासमोरच्या फ्रेममध्ये त्याच्या किमान साडेतीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. फ्रेमच्या कोपऱ्यांच्या सांध्यात नख जाता कामा नये. ८ मिमी ही नियमातली किमान जाडी आहे, मंडळाच्या वापराला १२च घ्या.

प्रतिसाद २
नुसत्या जाडीने खोलगटपणा टळणार नाही. वरच्या बाजूला पॉलिश असतं, मागचा प्लाय कोरडा उघडा. पावसाळ्यात मागची बाजू ओल पिऊन फुगते, वरची तशीच राहते, म्हणून मध्य खाली जातो. बोर्ड एप्रिल-मेमध्येच आणा आणि मागच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात द्या. पॉकेटच्या कापलेल्या कडा विसरू नका, ओल सगळ्यात आधी तिथून शिरते. चिऱ्याच्या भिंतीला तिरका टेकवून तर कधीच ठेवू नका. आडवा ठेवा, वर सुती कापड.

खेळण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून वरचा पिवळा बल्ब अर्धा तास चालू ठेवा, मगच बोरिक पावडर टाका. ओल्या बोर्डावर तिच्या गुठळ्या होतात. अंगाची पावडर नको, चिकटते.

धागाकर्ता
पट्टी घेऊन शनिवारी कुडाळला जातो. सोंगट्या आणि स्ट्रायकरही तिथूनच घेऊ का?

प्रतिसाद १
ते खुशाल ऑनलाइन मागवा, प्रवासात बिघडत नाहीत. आल्यावर काट्यावर तोला: सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅम, स्ट्रायकर १५ च्या वर नको. १९ सोंगट्या काचेवर शेजारी शेजारी ठेवून बघा, एखादी जाड निघाली तर लगेच कळते. आणि स्टँडवर चढवल्यावर पाणसळ लावायची राहू देऊ नका.