गुपित दडवून ठेवलं तिथेच फसलंय

'तीन मैत्रिणी, दादर, कॉलेजातलं एक गुपित. शेवटचा धक्का पटत नाही, बाकी कादंबरी बरी', असं एका रहस्य कादंबरीबद्दल कुणीतरी लिहिलंय. माझ्या मते उलट आहे. धक्का चालतो, त्याच्या आधीचं चालत नाही. निवेदन प्रथमपुरुषी, तेही वर्तमानकाळात. निवेदिका रोज रात्री त्याच घटनेने दचकून उठते, पण काय झालं होतं ते वाचकाला सांगायचं शिताफीने टाळते. याला रहस्य नाही, लपवाछपवी म्हणतात. दडवायचंच होतं तर निवेदन जिला काहीच माहीत नाही अशा मैत्रिणीकडे द्यायचं.

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे नाटक आठवा. नायिका बेणारेचं गुपित खोट्या खटल्यात तुकड्यातुकड्याने बाहेर येतं, ते गुपित ज्यांच्याशी जोडलेलं ते प्रा. दामले तर रंगमंचावर येतच नाहीत. ताण कशाचा, तर कळल्यावर बरोबरची माणसं त्याचं काय करतात याचा. इथे गुपित फुटल्यावर उरतात दोन प्रकरणं, त्यातलंही एक पोलीस ठाण्यात.

आणि ते प्रकरण! खून ऑगस्ट २०२४ मधला, इन्स्पेक्टर मात्र 'तीनशे दोन लावतो' म्हणून, म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या खुनाच्या कलमाने, दरडावतो. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. बोलण्यात जुना आकडा येईल एकवेळ, पण एफआयआरच्या मजकुरातही तोच छापलाय. संशयित मैत्रीण म्हणे पहाटे अडीचच्या विरार लोकलमध्ये होती, आणि तपास अधिकारी ते मान्य करतो. त्या वेळी लोकल बंद असतात हे दादरच्या कुठल्याही फुलवाल्याने सांगितलं असतं.