मदत हवी आहे : कुपगलच्या नादणाऱ्या शिळांचे ध्वनिमुद्रण त्यांना इजा न करता कसे करावे?

नमस्कार,

कर्नाटकात बळ्ळारी शहराजवळ सांगनकल्लू-कुपगल हा नवाश्मयुगीन वसाहतींचा परिसर आहे. तेथील हिरेगुड्डा टेकडीच्या फिकट ग्रॅनाइटमधून काळ्या डोलेराइटची डाइक (भेगेत शिरलेला शिलारस थिजून झालेली खडकाची पट्टी) गेलेली असून तिच्या शिळांवर ठोकून काढलेल्या असंख्य आकृत्या आहेत. त्यांत लांब शिंगांची, वशिंडाची गुरे सर्वाधिक. फॉसेट यांनी १८९२ मध्येच या आकृत्यांची माहिती छापली होती, परंतु त्यांची ध्वनीची बाजू पुरातत्त्वज्ञ निकोल बोइव्हिन यांच्या २००४ च्या लेखामुळे नव्याने चर्चेत आली. काही शिळांवर आघातांनी झिजून गुळगुळीत झालेले खळगे आहेत आणि तेथे ग्रॅनाइटचा गोटा मारला असता घंटेसारखा खणखणीत नाद उमटतो.

माझा व्यवसाय ध्वनिमुद्रणाचा आहे, पुरातत्त्वाचा नाही. येत्या हिवाळ्यात तेथे जाऊन या नादांची पद्धतशीर नोंद करावी असा विचार आहे. आकृत्या असलेल्या शिळांना आणि जुन्या खळग्यांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरवले आहे, कारण अशा काळवंडलेल्या पृष्ठभागावर दगडाचा एक नवा घावही फिकट डाग होऊन कायमचा उरतो. त्याच डाइकच्या, आकृत्या नसलेल्या सुट्या शिळांवर तरी आघात करावा का, आणि करायचा तर कशाने, हा माझा पहिला प्रश्न आहे.

अडचण अशी की लाकडी किंवा रबरी हातोडीचा स्पर्श जास्त वेळ टिकतो, त्यामुळे खालचे स्वर उठतात आणि वरचे जवळजवळ दबून जातात; म्हणजे शिळा सुरक्षित राहते, पण मुद्रित होणारा नाद नवाश्मयुगातल्या माणसाने ऐकलेला नसतो. अगदी छोटी, हलकी पण कठीण गोळी अलगद टेकवली तर स्पर्श क्षणभराचा राहतो, ऊर्जा थोडी लागते आणि वरचे स्वरही मिळतात, असे माझे गणित आहे. शिळेला चिकटपट्टीने बसवायचा, तिचे कंपन थेट टिपणारा पिझो मायक्रोफोन वापरल्यास टेकडीवरच्या वाऱ्याचाही त्रास टळेल, मात्र ती पट्टी काढताना वरचा थर निघण्याची भीती वाटते. हा प्रयोग कोणी प्रत्यक्ष केला असल्यास कृपया साहित्यासह सांगावे. मोबाइलवर मुद्रण करू नये हे ठाऊक आहे. त्यातील आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय नाद विरण्याचा काळच बिघडवून टाकते.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो : आकृत्या मुद्दाम नादणाऱ्या शिळांवर काढल्या, असे म्हणता येते का? डोलेराइटचे स्फटिक बारीक आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. शिळेला तडा नसेल आणि ती मोजक्या बिंदूंवर टेकलेली असेल, तर ती वाजणारच. तडा गेलेली शिळा बद्द वाजते, हे कोणताही पाथरवट सांगेल. (कोकणातल्या कातळशिल्पांबाबत हा प्रश्न निदान या स्वरूपात उद्भवत नाही, सच्छिद्र जांभा असा नादत नाही.) मग डाइकवरच्या बहुतेक शिळा नादत असतील, तर आकृत्या नादणाऱ्या शिळांवर आहेत या निरीक्षणाला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय याच टेकडीवर डोलेराइटच्या कुऱ्हाडी मोठ्या प्रमाणावर घडवल्या जात होत्या. दगड फोडताना कोणता तुकडा कसा वाजतो हे त्या कारागिरांच्या कानांवर रोजच पडत असणार, आणि काही खळगे कुऱ्हाडी घासण्यानेही झाले असू शकतात. घासल्याचा खळगा आणि ठोकल्याचा खळगा नुसत्या डोळ्यांनी, किंवा तिरप्या उजेडातल्या छायाचित्रावरून, खात्रीने वेगळे ओळखता येतात का?

चित्रे आणि नाद यांचा मेळ खरा की योगायोगाचा, ही अडचण इतरत्रही आली आहे. फ्रान्समधल्या गुहांत चित्रे आणि घुमणाऱ्या जागा यांचा मेळ बसतो, असे रेझनिकॉफ आणि दोव्हुआ या संशोधकांनी १९८८ मध्ये मांडले होते. पुढे २०१७ मध्ये उत्तर स्पेनच्या गुहांतील मोजमापांचा संख्याशास्त्रीय तपास प्रसिद्ध झाला, तेव्हा तेथे हा संबंध क्षीणच आढळला. म्हणून आकृत्या असलेल्या आणि नसलेल्या शिळा कोणत्या नियमाने निवडाव्यात, हे जाण्यापूर्वीच निश्चित करायचे आहे. संख्याशास्त्राच्या जाणकारांनी येथे विशेष मार्गदर्शन करावे.

शेवटी व्यवहाराचे : अशा मुद्रणासाठी परवानगीचा अर्ज राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे करायचा की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, आणि बळ्ळारीतल्या, भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या नावाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आधी भेटून घेणे उपयोगी पडेल का?