घरचा सर्व्हर बंद पडला की फोनवर कळायला हवं, पण त्यासाठी पैसे मोजावेत का?

ओसरी: नाशिकच्या घरी जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाऊड चालवतो, म्हणजे फाइली ठेवायचा स्वतःचा क्लाऊड. आईचे दवाखान्याचे रिपोर्ट त्यातच. सर्व्हर चालू आहे का यावर लक्ष ठेवणारं अपटाइम कुमा हे सॉफ्टवेअरही त्याच लॅपटॉपवर होतं. गेल्या महिन्यात मी गावी, घरी लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. राखणदारासकट सगळं बंद. आईने डॉक्टरांच्या समोर बसून फोन केला, "रिपोर्ट उघडत नाहीये रे." तेव्हा मला कळलं.

आता उलटं केलंय. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) दर 5 मिनिटांनी एक कर्ल, म्हणजे "मी चालू आहे" असा निरोप, हेल्थचेक्स या बाहेरच्या सेवेला जातो. तो पोचला नाही की तिकडूनच टेलिग्रामवर मेसेज. 20 चेकपर्यंत फुकट. घरगुती कामाला एवढं पुरे. एसएमएसच्या नादी लागू नका. डीएलटी नोंदणी (सॉफ्टवेअरमधून एसएमएस पाठवायला लागणारी), मजकुराच्या टेम्पलेटची मंजुरी, तेही स्वतःलाच निरोप द्यायला!

पाणंद: एसएमएसचं मान्य, टेलिग्रामचं नाही. रात्री फोन सायलेंट असतो, शिवाय काही फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप गोठवतात. माझ्या सर्व्हरवर क्लासची पोरं पहाटे टेस्ट देतात, मला वाजणारा फोनच लागतो. सिम800एल मॉड्यूल (सिम घालून कॉल लावणारं छोटं सर्किट) लावलंय, सर्व्हर बंद पडला की ते मिस्ड कॉल देतं. उचलायचा नाही, पैसे कटत नाहीत.

सांजवात: कटत नाहीत, पण सिम चालू ठेवायला रिचार्ज लागतोच. ते मॉड्यूल 2जी, जिओचं सिम त्यात चालत नाही. वर नेटवर्क पकडताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतं. माझं नेमकं कॉल लावतानाच रिसेट व्हायचं. दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधली, निघाला अडॅप्टर. त्यापेक्षा फोनवर सूचना पाठवणारं पुशओव्हर अ‍ॅप घ्या. एकदाच 5 डॉलर, आणि इमर्जन्सी मेसेज आपण "पाहिलं" म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजतो.

कोनाडा: मला मुळातच पटत नाही. घरच्या फाइलींसाठी रात्री तीनला उठायचं कशाला? सकाळी बघावं. झोप मोडून घाईत केलेल्या दुरुस्तीत मी एकदा अख्खा डेटाबेस उडवलाय.

ओसरी: कोनाडा, बॅकअप चुकला तर सकाळी, हे मलाही पटतं. पण रिपोर्ट लागतात ते दवाखान्यात, तेव्हा दिवसा लगेच कळायलाच हवं. पाणंद, एनटीएफवाय हे सूचना पाठवणारं अ‍ॅप बघा. मेसेजला प्रायॉरिटी 5 (सगळ्यात वरची) आणि डीएनडी, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब', ओलांडायची परवानगी दिली की अँड्रॉइड डीएनडीतही वाजतो, फुकटात. फक्त त्यांच्या सर्व्हरवर टॉपिकचं, म्हणजे आपल्या मेसेजच्या चॅनेलचं, नाव अवघड ठेवा. ज्याला नाव माहीत, तो मेसेज वाचू शकतो. आणि तुमचं मॉड्यूल सर्व्हरच्याच घरात आहे का?

पाणंद: नाही. भावाच्या घरी, वेगळ्या रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर), पॉवर बँकेसकट. तिथून दर मिनिटाला माझा सर्व्हर तपासतो.

ओसरी: मग ते मिस्ड कॉलचं मीही करून बघतो. अडॅप्टर कोणता लावलाय तेवढं सांगा.