आम्ल पर्जन्याने माणसाला आणि निसर्गाला नेमका कसा अपाय होतो?

ओंजळ (प्रश्न)
नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. आम्ल पर्जन्याच्या पाठाला ताजमहाल आणि मासे नाहीसे झालेली स्वीडनमधील सरोवरे ही उदाहरणे मी दरवर्षी देते. यंदा एका मुलीने खिडकीतून दिसणाऱ्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बोट दाखवून विचारले, "मॅडम, मग आपला पाऊस अंगावर घ्यायचा की नाही?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. या पावसाचा माणसाला थेट अपाय होतो का, आणि आपल्या मातीवर त्याचा काय परिणाम होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चुनखडी
त्या मुलीला निःशंकपणे भिजू द्यावे. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाचा सामूही (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.६ च्या आसपास असतो आणि त्याहून बराच कमी सामू असलेल्या पावसाला आपण आम्ल पर्जन्य म्हणतो. सामूची मोजपट्टी दसपटीची असल्याने ४.६ सामूचा पाऊस स्वच्छ पावसाच्या दहापट आम्लधर्मी ठरतो, हे खरे. परंतु लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ असतो आणि त्यानेही हात भाजत नाही.

माणसाला अपाय होतो तो थेंब पडण्याआधी. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो, हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जातात. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे आम्लयुक्त धुके साचले होते, तेव्हा पहिल्या हिशेबानुसारच सुमारे ४,००० माणसे दगावली. म्हणून आपल्या गावात काळजी करायचीच असेल, तर ती पावसाच्या पाण्यापेक्षा कोरड्या दिवसांतील हवेची करावी.

मातीचे म्हणाल, तर आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचा अंश भरपूर असतो आणि हवेतील धुळीतही कॅल्शियम असते. दोन्ही मिळून बरेचसे आम्ल मारून टाकतात. कोकण-गोव्याची जांभ्याची जमीन मात्र मुळातच आम्लधर्मी असल्याने तिला हा आधार नाही.

दूरदेशी
मी कॅनडातील सडबरी येथे राहतो. येथे निकेल आणि तांब्याचे खनिज वितळवतात. पूर्वी ते उघड्यावर लाकडांच्या ढिगांवर भाजत असत, त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने झाडे मेली, माती वाहून गेली आणि मैलोन् मैल काळे पडलेले खडक उघडे राहिले. त्यावर उपाय म्हणून १९७२ मध्ये ३८१ मीटर उंचीची चिमणी उभारली गेली. शहरातील हवा सुधारली, परंतु तोच वायू दूरवर पसरला. या भागातील सुमारे ७,००० सरोवरांना आम्लाची झळ पोहोचली, असा येथील अंदाज आहे.

अशा सरोवराचे पाणी आरशासारखे नितळ दिसते, आणि पाहणाऱ्याची फसगत होते ती तिथेच, कारण ते नितळ असते ते त्यातील जीवसृष्टी विरळ झाल्यामुळे. मातीत एरवी बांधून असलेले ॲल्युमिनियम आम्लामुळे सुटते, पाण्यात उतरते आणि माशांच्या कल्ल्यांवर बसते. सामू ५ च्या खाली गेला की बहुतेक जातींची अंडी उबत नाहीत. येथे १९७८ पासून लोकांनी पिशव्या खांद्यावर घेऊन टेकड्यांवर हाताने चुनखडीची भुकटी पसरली, गवत पेरले आणि पुढे लक्षावधी झाडे लावली. आज टेकड्या हिरव्या आहेत आणि कित्येक सरोवरांत मासे परतले आहेत. पण कारखान्यांना गंधक उगमापाशीच अडवावे लागले नसते, तर चुनखडी पसरणाऱ्यांचे श्रम वाया गेले असते, असे माझे ठाम मत आहे.

ओंजळ
मनःपूर्वक आभार. मग आपल्याकडेही गंधक चिमणीतच अडवता येणार नाही का?

चुनखडी
येते, आणि त्यामागील रसायनशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर सल्फ्युरिक आम्ल पडले की त्याचे ठिसूळ जिप्सम होते. चिमणीकडे जाणाऱ्या धुरावर चुनखडीचे पाणी फवारले, तर तीच चुनखडी सल्फर डायऑक्साइड पकडून जिप्सम बनते. जी क्रिया वास्तूला खाते, तीच येथे हवा धुते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली, परंतु मुदती वारंवार वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक वीजनिर्मिती संचांना चिमणीच्या उंचीची अट घालून त्या मर्यादेतून वगळण्यात आले. उंच चिमणीने काय साधते आणि काय साधत नाही, हे सडबरीच्या हकिकतीत आलेच आहे, म्हणून हा निर्णय मला चुकीचा वाटतो.

वर्गासाठी शहाबादी फरशीचा (ती चुनखडीच असते) एक तुकडा आणि काळ्या पाषाणाचा एक तुकडा लिंबाच्या रसात ठेवावा. फरशीवर बारीक बुडबुडे येतील, पाषाणावर येणार नाहीत. फळ्यावरचा खडू वापरू नये, कारण तो बहुधा जिप्समचाच असतो.

ओंजळ
शहाबादीचे तुकडे शाळेच्या मागेच पडलेले आहेत. सोमवारी हा प्रयोग करते, आणि मृगाच्या पहिल्या सरीपासून मुलांना दर पावसाचा सामू कागदाने मोजून वहीत नोंदवायला सांगते.