१५० विद्यार्थी, १२ परीक्षक: मेडिसिनची ऑस्की विश्वासार्ह कशी करायची?

वॉर्ड_सात (प्रश्न)

नमस्कार. तृतीय एमबीबीएस भाग २ च्या प्रिलिममध्ये मेडिसिनच्या प्रात्यक्षिकाचा काही भाग ऑस्कीने (ठराविक वेळेच्या छोट्या स्टेशनांवरून घंटेबरोबर फिरत द्यायच्या परीक्षेने) घ्यायचं आमच्या विभागात ठरतंय. बॅच १५० ची आहे. ओपीडी आणि वॉर्ड सांभाळून एका वेळी जास्तीत जास्त १२ शिक्षक मिळतील.

कच्चा आराखडा असा: १० स्टेशनं, प्रत्येकी ५ मिनिटं. त्यातली ६ परीक्षकाविना (ईसीजी, एक्स-रे, रिपोर्ट पाहून उत्तर लिहायचं), ४ परीक्षकासह. परीक्षकाच्या प्रत्येक स्टेशनला २०-२५ मुद्द्यांची चेकलिस्ट.

हे सगळं एका दिवसात बसेल का? चेकलिस्टच्या गुणांवर कितपत विसंबायचं? राज्याबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचं संवादाच्या स्टेशनला काय करायचं? आणि यातून थोडं धड शैक्षणिक संशोधन होईल का, की 'तुम्हाला ऑस्की आवडली का' या प्रश्नावलीवरच थांबायचं?

घंटा_आणि_घड्याळ

आधी स्टेशनांची वाटणी बदला. ईसीजी, एक्स-रे, रिपोर्टची ६ स्टेशनं म्हणजे जुनं स्पॉटिंगच झालं. तेवढा भाग १५० जणांना एका हॉलमध्ये बसवून, पडद्यावर चित्रं दाखवून ४० मिनिटांत उरकता येतो. त्यासाठी खोल्या आणि घंटा अडवू नका. १९७५ मध्ये हार्डन आणि सहकाऱ्यांनी डंडीत ही पद्धत मांडली ती एकाच परीक्षकाच्या मर्जीवर आणि एकाच पेशंटच्या नशिबावर निकाल ठरू नये म्हणून. विद्यार्थी प्रत्यक्ष काम करत असताना शिक्षक पाहतोय, ही त्यातली मोलाची गोष्ट. तुमच्याकडे परीक्षक थोडे आहेत, म्हणजे त्यांचा प्रत्येक मिनिट निरीक्षणातच जायला हवा.

आता हिशोब. परीक्षक असलेली १० स्टेशनं आणि विश्रांतीची २ धरली तर एका फेरीत १२ विद्यार्थी. दर स्टेशनला ७ मिनिटं: १ सूचना वाचायला, ५ कामाला, १ गुण भरून पुढे सरकायला. फेरी ८४ मिनिटांची. १५० जणांना १३ फेऱ्या, म्हणजे १८ तासांच्या वर. एका दिवसात शक्य नाही. चार दिवस करा: पहिल्या दिवशी ४ फेऱ्या, मग रोज ३. उरलेले २ शिक्षक बदली परीक्षक ठेवा, कारण दोन फेऱ्यांनंतर परीक्षकाचं लक्ष नक्की ढळतं.

दिवस वाचवायला सहा-सहा स्टेशनांची दोन समांतर सर्किटं लावता येतात. मग ९ तासांत, म्हणजे दोन दिवसांत आटोपतं, पण स्टेशनं सहाच राहतात आणि तिथे खरं नुकसान होतं. पोट उत्तम तपासणारा विद्यार्थी इन्सुलिन समजावताना पार गडबडू शकतो. एका कामातलं यश दुसऱ्याबद्दल फार कमी सांगतं, हे या क्षेत्रातल्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून एकेक स्टेशन लांबवण्यापेक्षा स्टेशनांची संख्या वाढवलेली बरी. समजा १० स्टेशनांची विश्वासार्हता (० ते १ च्या मापावर; १ म्हणजे पुन्हा घेतली तरी निकाल तोच) ०.५५ आली, तर त्याच दर्जाच्या २० स्टेशनांची स्पिअरमन-ब्राउन सूत्राने साधारण ०.७१ होते. तेव्हा १० स्टेशनांच्या गुणांवर कुणाला नापास ठरवू नका. लाँग केस (एका पेशंटची सविस्तर तपासणी) आणि पोस्टिंगचे (वॉर्डात शिकण्याच्या काळातले) गुण त्यात यायलाच हवेत.

चार दिवस तीच स्टेशनं ठेवली की प्रश्न फुटणार, हे गृहीत धरा. हाताने करायच्या कामाला त्याने फारसा फरक पडत नाही, उलट मुलं सराव करून येतात. 'निदान काय?' छापाच्या स्टेशनची मात्र पहिल्याच संध्याकाळी वाट लागते. तिथे साचा तोच ठेवून तपशील रोज बदला.

टेस्टट्यूब

मी फक्त चेकलिस्टबद्दल लिहितो, कारण सगळं तिथेच बिघडतं.

२५ मुद्द्यांची यादी असली की विद्यार्थी पेशंटकडे न बघता प्रश्नांची सरबत्ती करतो. प्रत्येक 'विचारलं' ला अर्धा गुण मिळतो ना! १९९९ मध्ये टोरांटोच्या हॉजेस आणि सहकाऱ्यांनी मानसोपचाराच्या ऑस्कीत हे दाखवून दिलं: अनुभवी डॉक्टरांना चेकलिस्टवर विद्यार्थ्यांपेक्षाही कमी गुण पडले, पण एकूण दर्जाच्या श्रेणीत तेच वरचढ ठरले. नेमके चार प्रश्न विचारून निदानापर्यंत जाणाऱ्याला लांब यादी शिक्षा करते. म्हणून ८ ते १२ मुद्दे, महत्त्वाप्रमाणे कमीजास्त गुण, आणि शेजारी स्वतंत्र ५ पायऱ्यांची एकूण श्रेणी. ही श्रेणी परीक्षकाने चेकलिस्टची बेरीज करण्याआधी द्यायची, नाहीतर ती बेरजेचीच नक्कल होते.

सर्पदंशाचं स्टेशन (आयएम २०, म्हणजे अभ्यासक्रमातला मेडिसिनचा २० वा विषय) घेऊन दाखवतो. कार्डावर: 'शेतात पायाला साप चावून दोन तास झाले. पाय सुजलाय, हिरड्यांतून रक्त येतंय. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावा आणि निकालानुसार पुढचे उपचार सांगा.' टेबलावर इंजेक्शनचा सरावाचा हात, त्यात लाल पाणी, सिरिंज, स्वच्छ कोरडी काचेची टेस्टट्यूब. शेजारी मुद्दाम प्लास्टिकची ट्यूब आणि जांभळ्या टोपीची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए ट्यूबही ठेवायची. गुण यासाठी: काचेचीच ट्यूब उचलली, २ मिली रक्त घेतलं, वेळ लिहिली, ट्यूब न हलवता उभी ठेवली, २० मिनिटांनी एकदाच आडवी करून बघणार असं सांगितलं. डिटर्जंटने धुतलेली ट्यूब का चालत नाही, हा एक प्रश्न जरूर ठेवा. काचेचा पृष्ठभाग गोठण्याची क्रिया सुरू करतो. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या ट्यूबमध्ये ती नीट सुरू होत नाही आणि विष भिनलं नसतानाही रक्त पातळच दिसतं.

स्टेशनला २० मिनिटं थांबता येत नाही, म्हणून तिसऱ्या मिनिटाला परीक्षक दुसरं कार्ड देतो: 'ट्यूब आडवी केल्यावर रक्त वाहतंय.' इथून पुढचे गुण: पॉलिव्हॅलंट एएसव्हीच्या (अनेक सापांच्या विषावर चालणाऱ्या प्रतिविषाच्या) ८ ते १० व्हायलने सुरुवात, प्रतिक्रिया आली तर अॅड्रेनॅलिन ०.५ मिग्रॅ स्नायूत देण्याची तयारी, ६ तासांनी पुन्हा तीच चाचणी. लहान मुलालाही एएसव्हीची मात्रा तेवढीच, हेही विचारता येईल. जखमेला चीर देणं किंवा 'आधी त्वचेवर टेस्ट डोस देतो' म्हणणं या गंभीर चुका. त्या वेगळ्या चौकटीत नोंदवा आणि त्यांचा परिणाम काय होणार हे परीक्षेआधीच जाहीर करा.

इन्सुलिनचं स्टेशन (आयएम ११) याच धर्तीवर. ४० युनिट प्रति मिलीची व्हायल ठेवा, शेजारी लाल टोपीची यू-४० आणि केशरी टोपीची यू-१०० अशा दोन्ही सिरिंज. यू-१०० सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरलं तर जातात ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. हा फरक ज्याने ओळखला नाही त्याला 'हात धुतले', 'स्वतःची ओळख करून दिली' याच्या गुणांवर पास होता येऊ नये. मुद्द्यांना कमीजास्त गुण द्यायचे ते यासाठीच.

परीक्षकांची ४५ मिनिटांची बैठक टाळू नका. एकच चित्रफीत सगळ्यांनी पाहायची, न बोलता गुण द्यायचे, मग आकडे फळ्यावर. तफावत डोळ्यांनी दिसली की चर्चा आपोआप सुरू होते. आणि स्टेशनमध्ये परीक्षकाने मध्येच शिकवायचं नाही. आपल्या लोकांना हे सर्वांत जड जातं.

बोलीभाषा

संवादाच्या स्टेशनला खरा पेशंट घेऊ नका, तयार केलेला पेशंट घ्या. गावातल्या हौशी नाट्यसंस्थेचे कलाकार किंवा निवृत्त शिक्षक हे काम फार चांगलं करतात. दोन-दोन तासांच्या दोन तालमी पुरतात. संहितेत तीन भाग हवेत: ठरलेलं पहिलं वाक्य, विचारल्यावरच सांगायच्या गोष्टी (उदा. 'गोळ्या महिन्यापूर्वीच सोडल्या, आता काढा घेतोय'), आणि स्वभाव किती चिडका किंवा घाबरलेला. न विचारता माहिती द्यायची नाही, हे तालमीत घोटवून घ्या. नाहीतर प्रेमळ मावशी हुशार दिसणाऱ्या मुलाला सगळं आधीच सांगून टाकतात. चार फेऱ्यांच्या दिवशी एकाच व्यक्तीला ४८ वेळा तेच करावं लागेल, म्हणून दर स्टेशनला दोघे, आलटून-पालटून. मानधन आणि जेवण परीक्षेच्या अंदाजपत्रकातच धरा.

प्लीहा वाढलेला खरा पेशंट तपासणीच्या स्टेशनला ठेवणार असाल तर त्याची संमती घ्या, 'आता पुरे' म्हणायची मुभा द्या आणि त्यालाही जोडीदार ठेवा. सतत दाबल्याने पोट दुखतं, मग सातव्या-आठव्या विद्यार्थ्याला वेगळाच पेशंट मिळतो.

भाषेबद्दल: गुण व्याकरणाला नकोत. पेशंटला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारलं का, माहिती थोडी थोडी करून दिली का, शेवटी 'मी काय सांगितलं ते आता तुम्ही सांगा' असं म्हणून खात्री केली का, याला गुण द्या. मोडक्या मराठीतही हे सगळं करता येतं, आणि अस्खलित मराठी बोलणारी मुलंही ते विसरतात. ऑस्कीच्या पहिल्या वर्षी हिंदी चालेल असं जाहीर करायला हरकत नाही. पण अंतिम वर्षापर्यंत कामापुरती मराठी यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, कारण खेड्यातून आलेल्या आजींकडे दुसरी भाषा नाही. फक्त ती अपेक्षा ठेवण्याआधी एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समधल्या ओळखीपुरतं न थांबता दर पोस्टिंगला बेडसाइड मराठी शिकवावी लागेल. न शिकवता परीक्षेत मागणं अन्यायाचं आहे.

पोस्टिंगवाला

थोडं विरोधी मत. चार दिवस १२ शिक्षक अडकवण्याइतकी ऑस्की लाखमोलाची नाही. तेच तास पोस्टिंगमध्ये मिनी-सीईएक्सला द्या. नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती रेसिडेंट्ससाठी मांडली, पण यूजीलाही (एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनाही) चालते: खऱ्या पेशंटसोबत १५-२० मिनिटं निरीक्षण, लगेच ५ मिनिटं अभिप्राय. सहा वेगळ्या शिक्षकांनी, सहा वेगळ्या पेशंटवर. २०१९ च्या बॅचपासून आलेल्या सक्षमताधारित अभ्यासक्रमाचा रोख असाच सतत बघत राहण्याकडे आहे.

हे कुठे फसतं तेही सांगतो: पोस्टिंगच्या शेवटच्या संध्याकाळी सगळे फॉर्म एका दमात सही होतात, लॉगबुकसारखेच. निरीक्षणानंतर २४ तासांत जमा न झालेला फॉर्म बाद, आणि 'पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं' हे एक वाक्य हाताने लिहिल्याशिवाय फॉर्म ग्राह्य नाही, एवढे दोन नियम पाळले तरी बराच फरक पडतो. 'चांगलं आहे, वाचत राहा' हा अभिप्राय नव्हे.

वॉर्ड_सात

सगळ्यांचे आभार. लिहिण्याची स्टेशनं काढून टाकतो. दोन शंका उरल्या. विद्यापीठाच्या नियमात उत्तीर्णतेची रेषा ५०% अशी ठरलेली आहे, मग स्टेशन अवघड निघालं तर करायचं काय? आणि संशोधनाचा प्रश्न राहिलाच.

एक्सेल_उघडा

दोन्हीचं उत्तर त्याच आकड्यांत आहे. २० गुणांच्या स्टेशनसाठी प्रत्येक विद्यार्थ्याचे चेकलिस्टचे गुण एका स्तंभात, एकूण श्रेणी दुसऱ्यात (१ नापास, २ काठावर, ३ पास, ४ चांगला, ५ उत्तम). एक्सेलचं स्लोप आणि इंटरसेप्ट फंक्शन वापरा, म्हणजे श्रेणीवरून गुणांचा अंदाज देणारी सरळ रेषा मिळते. समजा समीकरण ५.४ + ३.१ × श्रेणी असं आलं. काठावरच्या २ ला उत्तर ११.६. म्हणजे हे स्टेशन सोपं होतं, आणि काठावरचा विद्यार्थीही इथे ११.६ मिळवतो. रेषा ५० टक्क्यांवर आणायची तर ११.६ च्या खालचे गुण १०/११.६ ने गुणायचे, आणि वरचे १० + (गुण − ११.६) × १०/८.४ असे. १४ चे होतात १२.९. अवघड स्टेशनला याच रीतीने गुण वर सरकतात. पण हा बदल अभ्यासक्रम समितीने परीक्षेआधी लेखी मंजूर केलेला हवा. निकाल पाहून नंतर ठरवलं तर ते टिकणार नाही. मंजुरी मिळाली नाही तर गुण तसेच ठेवा आणि आकडे पुढच्या वर्षी स्टेशन सुधारायला वापरा.

आरएसक्यू फंक्शनही (गुण आणि श्रेणी किती जुळतात, ० ते १ मध्ये) चालवा. ते ०.५ च्या बरंच खाली असेल तर चेकलिस्ट आणि परीक्षकाचं मत वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत. बहुतेक वेळा दोष चेकलिस्टचा निघतो.

संशोधनासाठी आवडीची प्रश्नावली सोडा. तसे अभ्यास भरपूर झालेत आणि विद्यार्थी जवळजवळ नेहमी 'आवडली' म्हणतात. व्याख्यानाच्या आधी आणि लगेच नंतर तीच चाचणी घेऊन 'गुण वाढले' हेही नको, कारण ते वाढणारच. तुमच्याकडे दोन बदली परीक्षक आहेत. त्यांना एकाच स्टेशनवर ३० विद्यार्थ्यांसाठी दुसरे परीक्षक म्हणून बसवा, एकमेकांचे गुण न दाखवता, आणि दोघांत किती मेळ बसतो ते मोजा. पहिल्या आणि चौथ्या दिवसाच्या गुणांत फरक पडतो का, तोही कौशल्याच्या आणि ज्ञानाच्या स्टेशनांत वेगळा पडतो का, हा दुसरा चांगला प्रश्न. त्यासाठी बॅचची दिवसांत वाटणी रोल नंबरने न करता चिठ्ठ्या टाकून करा, कारण प्रवेशाच्या गुणांनुसार रोल नंबर दिले असतील तर तुलनाच बिघडते.

एथिक्स कमिटीकडे परीक्षेआधी अर्ज करा. सूट मिळते का हे कमिटी ठरवते, आपण नाही. शिक्षकाला नाही म्हणणं विद्यार्थ्याला जड जातं, म्हणून त्यांचे गुण संशोधनात वापरायची संमती गुण न देणाऱ्या व्यक्तीने घ्यावी, तीही निकाल लागल्यावर, आणि विश्लेषण करणाऱ्याला नावांऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावेत. नकार देणाऱ्याच्या गुणांना धक्का लागणार नाही, हे संमतीपत्राच्या पहिल्या ओळीत लिहा.