‘प्रतिनिधित्व’ला दुसरा शब्द सुचवा (निमित्त: कोरियन हेरपट)

वळचण: फिल्म क्लबच्या पत्रकासाठी ‘द स्पाय गॉन नॉर्थ’वर (२०१८) दीड पान लिहितोय. १९९० च्या दशकात दक्षिण कोरियाचा एक हेर व्यापारी बनून बीजिंगमार्गे उत्तरेत शिरतो; खऱ्या माणसावर बेतलेली गोष्ट. सिनेमा झकास, पण त्यात बाई शोधावी लागते. शेवटाकडे गायिका ली ह्योरी स्वतःच्याच भूमिकेत येते, बस. बाकी हेराचं सांकेतिक नाव ‘ब्लॅक व्हीनस’, तेवढीच काय ती बाई! ‘स्त्रियांचं प्रतिनिधित्व नगण्य’ असं लिहिलं तर बायको म्हणते, झेडपीची निवडणूक वाटतेय. रिप्रेझेंटेशनला तुम्ही काय म्हणता?

तिरफळ: चित्रण.

वळचण: जे पडद्यावर नाहीच त्याचं चित्रण कसं? ‘शिरी’ या दुसऱ्या कोरियन हेरपटात (१९९९) उत्तरेची नेमबाज बाई आहे, तिथे चालेल.

जुनी_पाटी: मग ‘बायका नाहीत’ असं सरळ लिहा. दोन शब्दांत भागतंय. आणि ‘हेर’ लिहिलंत ते बरं केलंत. हल्ली जो तो ‘गुप्तहेर’. उघड हेर कधी कुणी पाहिलाय का?

गोगलगाय: आमच्या आजोळी ‘हेरून ठेवणे’ म्हणजे कुठला फणस उतरवायचा ते बघून ठेवणे. त्यात काही गुप्त नाही, सगळी आळी हेरायची. ‘गुप्त’ लावायलाच हवं.

ठेचा_किमची: तीन वर्षं कोरियन शिकतेय म्हणून मध्ये बोलते. ती व्हीनसही बाई नाही, मूळ कोरियनमध्ये शुक्र ग्रह आहे. मराठीत तर शुक्र पुल्लिंगीच! सिनेमाचं मूळ नाव ‘गोंगजाक’. हीच दोन अक्षरं चिनीत म्हणजे नुसतं ‘काम’, जपानीत शाळेतली हस्तकला, आणि कोरियनमध्ये छुपी कारवाई. शिवाय शत्रूचा हेर तो ‘गान्चप’, त्याची खबर १११ नंबरवर द्यायची. आपल्या हेराला कुणी गान्चप म्हणत नाही. कोण कसा दिसणार ते शब्दातच ठरलेलं असतं.

जुनी_पाटी: गोंगजाक म्हणजे आपली ‘कामगिरी’!

तिरफळ: ‘कारस्थान’ जास्त जवळचं. दिसतो संस्कृत, पण आहे फारसी. ‘कार’ म्हणजे काम.

जुनी_पाटी: काहीतरीच. सरळ ‘कार्यस्थान’ आहे ते.

तिरफळ: हिंदीत ‘कारस्तानी’ म्हणतात, तिथे कुठलं कार्यस्थान? तुमच्या हिशेबाने कारखानाही वैदिक निघेल.

ठेचा_किमची: माझीही एक अडचण. ‘तोंगमु’ म्हणजे साधा सवंगडी. उत्तरेने तो ‘कॉम्रेड’ म्हणून उचलला आणि दक्षिणेत मित्राला तोंगमु म्हणायची चोरी झाली, ‘छिंगु’ तेवढा उरला. मराठी अनुवादात काय ठेवू?

गोगलगाय: साथी.

जुनी_पाटी: साथी सेवा दलाचे. कम्युनिस्ट ते कॉम्रेड, शेकापचे भाई. आमच्या घरी वडिलांची पत्रं ‘भाई’ने सुरू व्हायची. आत्या विचारायची, याला एवढे भाऊ कुठून आले?

तिरफळ: ‘गडी’ करा आणि उत्तरेच्या पात्रांना वऱ्हाडी बोलायला लावा. बोलीतला फरक कानाला कळेल.

पऱ्हाटी: का म्हणून? शत्रू आला की वऱ्हाडी, घरगडी आला की मालवणी, आणि हिरो मात्र सदाशिव पेठेत जन्मलेला! मी अकोल्याची. तुमच्या हिरोला द्या की वऱ्हाडी.

तिरफळ: ताई, मी प्रेमानेच म्हटलं होतं.

पऱ्हाटी: विनोदी नोकरही सगळे प्रेमानेच लिहितात.

वळचण: अहो, पत्रक उद्या छापायला जातंय. ‘प्रतिनिधित्व’ ठेवू की काढू?

जुनी_पाटी: मोल्सवर्थचा शब्दकोश माळ्यावर आहे. सकाळी मुलाला चढवतो आणि ‘कारस्थान’चं काय ते बघून सांगतो.