पार्टी (गिऱ्हाईक) म्हणते उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर ऑर्डर बंद. काय करू?

गाळेवाला, साकीनाका
नमस्कार. साकीनाक्याला माझा पत्र्याच्या कामाचा गाळा आहे. इलेक्ट्रिक पॅनलचे डबे बनवतो, मला धरून सहा माणसं. उलाढाल सव्वा कोटीच्या आत. निम्मं काम भांडुपच्या एकाच पार्टीचं, नऊ वर्षांचा व्यवहार. पीओवर, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, पैसे द्यायला 90 दिवस लिहिलेले असतात, पैसे चार महिन्यांनी येतात. डिसेंबरचे 4,20,000 अजून अडकलेत. त्यावरचा जीएसटी मात्र मी जानेवारीतच खिशातून भरला.

परवा त्यांच्या अकाउंट्समधून फोन: उद्यम रद्द करून कागद पाठवा, आम्हाला टॅक्सचा त्रास होतो, नाहीतर एप्रिलपासून ऑर्डर नाही. रात्रभर झोप नाही. 7 तारखेला पगार करायचेत. रद्द केलं तर माझं काय जातं? आणि त्यांना एवढी भीती कसली?

सीए ऑफिसवाली, ठाणे
दादा, रद्द करू नका. भीती आहे 1961च्या आयकर कायद्यातल्या कलम 43बी(एच)ची. 2023च्या वित्त कायद्याने आलं, 1 एप्रिल 2024 पासून लागू. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर माल घेणाऱ्याचा तो खर्च कर काढताना तो पैसे देईल त्याच वर्षी धरला जातो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. पीओवर 90 लिहिले तरी कायद्यापुढे 45च.

तुमची पार्टी भागीदारी फर्म असेल तर 4,20,000 वर 30 टक्के आणि सेस धरून 31.2, म्हणजे 1,31,040 रुपये कर यंदाच जास्त भरावा लागेल. पुढच्या वर्षी पैसे दिले की वजावट मिळते, पण आत्ता रोकड जाते.

रद्द केलंत तर उशिराच्या व्याजाचा हक्क जातो. हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. पैसे अडकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करायची सोयही जाते. आणि डिसेंबरचा माल दिला तेव्हा तुम्ही नोंदलेले होतात, त्यामुळे त्या बिलाचा त्यांचा प्रश्न तुमच्या रद्द करण्याने सुटत नाही.

होलसेलवाला, मशीद बंदर
आम्हा व्यापाऱ्यांना हे लागू नाही बरं का. उद्यम नंबर आहे, पण तो बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. तुम्ही माल बनवता, म्हणून तुम्हाला मिळतं.

अकाउंटंट, अंधेरी
मी दुसऱ्या बाजूला, माल घेणाऱ्या कंपनीत बसतो म्हणून सांगतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही उद्यमवाल्यांची यादी काढून आधी त्यांची बिलं देतो, कारण उशीर झाला तरी 31 मार्चच्या आत दिलं तर खर्च त्याच वर्षी मिळतो. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा. फोनवर नको, मालकाला भेटा.

गाळेवाला, साकीनाका
ताई, दादा, आभार. काल भांडुपला गेलो. तुमचा 1,31,040चा हिशेब कागदावर लिहून मालकांपुढे ठेवला. म्हणालो, साहेब, रजिस्ट्रेशन काढणार नाही, वडिलांनी हा गाळा उभा केला, तो बुडवून तुमचा कर वाचवू शकत नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग 28 तारखेपर्यंत जुने पैसे देतो म्हणाले, नव्या पीओवर 45 दिवस लिहायला तयार झाले. पीओ आज मेलवर आला. पैसे 28 ला आले की इथे कळवतो.